वजनाचा रोजमेळ : स्लीव्हनंतर परत चढलेले किलो

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार, लातूर

आज घट बसले. नवीन वही घेतली. पहिल्या पानावर फक्त आकडे.

उंची १६८ सेंटिमीटर. नोव्हेंबर २०१९ मध्ये पुण्यात स्लीव्हचं, म्हणजे जठर कापून लहान करायचं, ऑपरेशन झालं तेव्हा वजन १३८ किलो. सगळ्यात खाली गेलं ते ८६ वर, २०२१ च्या उन्हाळ्यात. आज सकाळी १०४. म्हणजे उतरले ५२ आणि त्यातले १८ परत चढले, एक तृतीयांशाहून थोडे जास्त. बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४९ वरून साडेतीसवर आला होता, आता ३७.

ऑपरेशननंतर वर्ष ते दोन वर्षांत वजन तळाला जातं आणि पुढं थोडंफार वर येतं, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. चार-पाच किलो आले असते तर वही घेतली नसती. अठरा किलोंबरोबर मात्र गुडघा, घोरणं आणि जिन्यावरचा दम हे तिन्ही जुने पाहुणे परत आलेत.

प्रकल्प म्हणायचं कारण एवढंच की 'डाएट' म्हटलं की घरातल्या सगळ्यांचे चेहरे पडतात, आणि आडतीत, म्हणजे शेतमालाच्या दलालीच्या दुकानात, दिवाणजी म्हणून हिशोबाला बसणाऱ्या माणसाला रोजमेळ लिहायची सवय असते. उद्दिष्टाच्या रकान्यात ८६ लिहिलेलं नाही. गुढीपाडव्यापर्यंत ९५ च्या खाली, रक्ताचे रिपोर्ट जागेवर, आणि दुकानाच्या माळ्यावर न थांबता चढता यावं.

आईचं म्हणणं, "नऊ दिवस उपास धर, आपसूक उतरंल." आमच्याकडचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, भगर, बटाटा आणि राजगिऱ्याचा लाडू. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रोटीन नावालाही नाही. शेवटी उठता-बसता उपासावर तडजोड झाली. देवीला चालतं, डाएटिशियनलाही चालावं.

१० ऑक्टोबर

आठवडाभर खाण्यात काही बदललं नाही, फक्त लिहिलं. तोंडात काय गेलं, किती वाजता, आणि कुठं बसून.

जेवणं अजूनही लहानच आहेत. दुपारी अर्धी भाकरी आणि भाजी, रात्री पाऊण भाकरी, वरण, चमचाभर भात. दुकानातला हमाल एका बैठकीत जेवतो तेवढं माझं दिवसाचं होत नाही. 'पोट परत मोठं झालं' असं जो तो म्हणतो, पण जेवणाच्या पानांवर ते दिसत नाही. दिसतं ते दोन जेवणांच्या मधे. शेतकरी आला की चहा. खरेदीदार आला की चहा. पट्टी (विक्रीचा हिशोब) झाली की चहा. एका कटात (लहान कपात) दोन चमचे साखर धरली तर दहा ग्रॅम, आणि असे आठ-नऊ कट म्हणजे साखरेच्याच सव्वातीनशे-साडेतीनशे कॅलरी, दूध वेगळं. त्याबरोबर ग्लुकोज बिस्किटं किंवा खारी. चारच्या सुमाराला कुणीतरी भजी मागवतं. रात्री घरी आल्यावर ताट वाढेपर्यंत डब्यातला चिवडा, तोही उभ्यानं. बेरीज केली तर दिवसाच्या निम्म्याहून जास्त कॅलरी ताटाबाहेरच्या निघाल्या.

याची मेख ऑपरेशनच्या रचनेतच आहे. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात, उरते ती अरुंद नळी. भूक चाळवणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. तो भागच गेल्यामुळं पहिली वर्ष-दोन वर्षं भूक खूप कमी लागते, पुढं शरीर हळूहळू सावरून घेतं. नळी मात्र काम करत राहते, अट एकच: अन्न घट्ट हवं. चावून खाल्लेली भाकरी, उसळ, अंडं नळीत थांबतं, नळी ताणली जाते, पोट भरल्याची खबर मेंदूला जाते. चहात बुडवलेलं बिस्कीट थांबतच नाही, सरळ खाली उतरतं. पुण्याच्या डाएटिशियन मॅडम याला 'सरकणारं खाणं' म्हणतात. दिवसभर सरकत राहिलं तरी पोट भरल्याचं कळत नाही.

१७ ऑक्टोबर

रिपोर्ट आले. बी-१२ १६८, म्हणजे दोनशेच्याही खाली. व्हिटॅमिन डी १४. हिमोग्लोबिन ११.८, पुरुषाला १३ तरी हवं. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तळाला. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.०, म्हणजे शुगर अजून झालेली नाही, पण उंबरठ्यावर उभी आहे. थायरॉइड ठीक. ते तपासणं गरजेचं होतं, कारण वजन वाढण्यामागं कधी थायरॉइड असतो, कधी स्टेरॉइड, इन्सुलिन किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्या असतात. तसं काही असेल तर ताटात कितीही फेरफार केले तरी अर्धंच काम होतं.

इथले फिजिशियन रिपोर्ट बघून पहिलं वाक्य बोलले ते हे: "तुम्हाला चालायचा कंटाळा नाही, तुमच्यात चालायला रक्तच नाही." बरं वाटलं. गेली दोन वर्षं घरात याला आळस हे नाव होतं.

स्लीव्हनंतर पोटात आम्ल कमी तयार होतं, आणि बी-१२ शोषायला लागणारा जो घटक जठर बनवतं तोही घटतो. लोहाचंही तसंच. म्हणून या गोळ्या जन्मभराच्या असतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याच्या फेऱ्या थांबल्या, त्यानंतर गोळ्या थांबल्या, आणि वजन तर उतरतच होतं, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही. आता बी-१२ ची इंजेक्शनं, डी ची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, लोहाची गोळी, आणि कॅल्शियम सायट्रेट. कॅल्शियम कार्बोनेट स्वस्त मिळतं, पण त्याला पचायला आम्ल लागतं, तेच इथं कमी. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर ठेवायचं. आणि लोहाच्या गोळीच्या आसपास चहा नाही, चहा लोह शोषू देत नाही. फिरून गाडी चहावरच येते.

गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याकडून डायक्लोफेनॅक आणायची नाही हेही बजावलं. जठराला अल्सर होऊ शकतो. जठराचा बायपास (अन्नाची वाट वळवायचं ऑपरेशन) झालेल्यांना तर या जातीच्या गोळ्या जवळजवळ बंदच असतात. दुखलं तर पॅरासिटॅमॉल.

१९ ऑक्टोबर

डाएटिशियन मॅडमशी व्हिडिओ कॉल. सौ. शेजारी बसली होती, आणि अर्ध्या तासात मॅडम माझ्याशी बोलायच्या थांबून तिच्याशीच बोलायला लागल्या. ते योग्यच झालं, गॅसपाशी तीच असते.

दिवसाला सत्तर ग्रॅम प्रोटीन हा मुख्य आकडा. मॅडमनी विचारलं, वरणात डाळ किती? सौ.नं सुकी डाळ वजनकाट्यावर ठेवून दाखवली. आमच्या पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम पंधरा ग्रॅम डाळ पडते, म्हणजे सव्वातीन ग्रॅम प्रोटीन. लातूरच्या डाळमिलांतून देशभर तूरडाळ जाते, जिल्ह्यातल्याच बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक (जीआय) मानांकन मिळालं, आणि आमच्या घरी ही परिस्थिती. सौ. म्हणाली, "अहो, डाळीच्या गावात राहून आपण डाळीचं पाणी प्यायलाव व्हय?"

तर नवीन मांडणी अशी. सकाळी दोन अंडी, बारा ग्रॅम. दुपारी मटकीची किंवा हुलग्याची घट्ट उसळ. रात्री वरण चमच्यानं उभं राहील असं. अधेमधे दही फडक्यात बांधून केलेला चक्का, बिनसाखरेचा. आठवड्यातून काही दिवस सोयाबीनच्या वड्या, त्यात सुक्या वजनाच्या निम्मं प्रोटीन असतं. दिवसभर सोयाबीनच्या ढिगांत बसतो पण ताटात कधी घेतलं नव्हतं. रविवारी चिकन. तरीही कमी पडेल ते व्हे पावडरनं भरायचं. शेंगदाण्यात प्रोटीन भरपूर, पण शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी, म्हणून चटणी चमच्यानं मोजून.

क्रम: आधी उसळ किंवा अंडं, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. आणि पाणी जेवताना नाही, नंतर अर्धा तास नाही.

यात खरी अडचण वेगळीच निघाली. मी भाकरी कुस्करून खातो. वरणात, दुधात, आमटीत, लहानपणापासून. आमच्याकडं चावून खाणारा माणूसच विरळा. मॅडमना हे आधी कळेना, कारण त्यांच्या तक्त्यात 'ज्वारीची भाकरी, अर्धी' एवढंच लिहिलेलं असतं. पण वरणात कुस्करलेली अर्धी भाकरी आणि उसळीबरोबर तुकडा मोडून चावलेली अर्धी भाकरी, माझ्या पोटाच्या लेखी ही दोन वेगळी अन्नं आहेत. पहिली खाल्ली की तासाभरात भूक. दुसरी अर्धीसुद्धा संपत नाही. चार दिवस करून बघितलं, रोज तोच निकाल. या वहीतली आतापर्यंतची सगळ्यात कामाची नोंद हीच.

२८ ऑक्टोबर

मार्केट यार्डात पाय ठेवायला जागा नाही. सोयाबीनचा हमीभाव यंदा क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि सौदे त्याच्या बरेच खाली निघताहेत. शेतकरी वैतागलेला, त्यात त्याचा चहा नाकारायचा म्हणजे त्याला परकं केल्यासारखं. चहावाल्या पोराला सांगून ठेवलंय, दिवाणजीचा कट बिनसाखरेचा, आणि दुपारनंतर तोही नाही. हातात कप असला की कुणी विचारत नाही. तो गोड आहे की नाही हे कपाला आणि मलाच माहीत. बिस्किटाचा पुडा गल्ल्याजवळून उचलून हमालांच्या बाजूला ठेवला. मालक म्हणाले, "दिवाणजी, पुड्याचा खर्च आता निम्मा झाला की."

वजन १००.६. म्हणजे साडेतीन किलोच्या जवळ गेले. मेहुण्याचा फोन आला, अजून वेगानं जाईल म्हणून त्यानं पाच दिवसांचा 'पाऊच रीसेट' पाठवला: फक्त पातळ पदार्थ, म्हणजे म्हणे ताणलेलं पोट परत आवळून येतं. मॅडमना विचारलं. पातळ खाऊन जठर लहान होत नाही, आकार आहे तेवढाच राहतो. त्या पाच दिवसांत काटा उतरतो तो पाण्यामुळं. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या दर ग्रॅममागं तीनेक ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी झालं की साठा आधी मोकळा होतो आणि पाणी त्याच्याबरोबर जातं.

हे मला लगेच पटलं, कारण सध्या दिवसभर हेच बघतोय. ओला माल यार्डात येतो तेव्हा ओलावा अठरा-वीस टक्के, खरेदी केंद्राला हवा बारा. चार दिवस ऊन दाखवलं की कट्ट्याचं (पोत्याचं) वजन घटतं, दाणा मात्र तेवढाच असतो. माझ्या साडेतीन किलोंत निदान दीड-दोन तरी अशी ओलाव्याची घट असणार. म्हणून जमेच्या रकान्यात पूर्ण धरलेले नाहीत.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

फराळ. बेसनाचा एक लाडू पावणेदोनशे-दोनशे कॅलरीचा, चिवडा-शेव तर सरकण्यासाठीच जन्माला आलेले. नियम एकच केला: जे खायचं ते ताटात घेऊन, बसून, जेवण झाल्यावर. डब्यातून उभ्यानं काही नाही. करंजी खाल्ली. वहीपूजन केलं, या वहीचंही.

२६ नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान, निकाल सगळं आटोपलं, मग रात्रीच्या लातूर-मुंबई गाडीनं पुण्याला जाऊन आलो. एंडोस्कोपी आणि औषध पिऊन काढायचा तो एक्स-रे. नळी वरच्या टोकाला थोडी रुंदावलेली, पण पाच वर्षांनी असते तेवढीच. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला किंचित लाली, म्हणजे आम्ल वर येतं. हर्निया नाही.

सर्जनना सरळ विचारलं, दुसरं ऑपरेशन करून स्लीव्हचा बायपास करतात, तो करायचा का? उत्तरही सरळ मिळालं. पहिल्यापेक्षा दुसऱ्या ऑपरेशनात धोका जास्त असतो. आम्ल वर येण्याचा त्रास गोळ्यांना दाद देत नसेल, किंवा रचनेत काही बिघडलेलं असेल, तर ते विचारात घेतात. रचना ठीक असताना बायपास केला आणि खाणं सरकतंच राहिलं, तर दोन-तीन वर्षांनी तुम्ही परत याच खुर्चीत असाल. सहा महिने हेच चालू ठेवा.

त्यांनी आणखी एक सांगितलं ते लिहून ठेवतो, कारण घरी दाखवायचंय. वजन पुष्कळ उतरलं की शरीर विश्रांतीतही आधीपेक्षा कमी जाळायला लागतं, भुकेचे हार्मोन वर येतात. तेवढ्याच वजनाचा जो माणूस कधी जाडच नव्हता, त्याच्यापेक्षा मला कमीच पुरतं. 'पैसे पाण्यात गेले' म्हणणाऱ्या चुलत्यांना हे कसं सांगावं ते मात्र डॉक्टरांनी सांगितलं नाही. ३४ किलो अजूनही उतरलेलेच होते, ऑक्टोबरमध्येसुद्धा. ऑपरेशन झालं नसतं तर १३८ चे किती झाले असते, हा हिशोब कुणी मांडत नाही.

१५ डिसेंबर

वजन ९८ वर येऊन चिकटलं. तीन आठवडे हलेना.

दरम्यान रक्त सुधारतंय हे शरीराला आधी कळलं. क्रीडा संकुलावर सकाळी चालायला जातो, पहिल्या फेरीला दम लागायचा, आता गप्पा मारत चालता येतं. पण चालणं पुरणार नाही असं फिजिओथेरपिस्टचं म्हणणं. ५२ किलो उतरले तेव्हा त्यात चरबीबरोबर स्नायूही गेले. परत आलेले अठरा मात्र बहुतेक चरबीचे. स्नायू परत बांधायचे तर भार उचलावा लागतो.

मी कट्टा उचलायचा नाही हे आधीच ठरलंय. दुकानातले हमाल माझ्या कसरतीवर हसून हसून बेजार. पन्नास किलोचा कट्टा पाठीवर घेऊन जाणारा माणूस मला रबरी पट्टा ओढताना बघतो तेव्हा त्याला काय वाटत असेल! खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून दंड, पट्टा, पाच किलोचे डंबेल. दिवसाआड. त्यातल्याच एका जुन्या हमालानं वजन उचलताना श्वास कधी सोडायचा ते दाखवलं, फिजिओनं तेच सांगितलं होतं पण ह्याचं जास्त लक्षात राहिलं.

काटा हलला नाही तरी पट्ट्याचं भोक एक आत गेलं. इथून पुढं महिन्यातून एकदा कंबरही मोजायची.

३० डिसेंबर, येळवस

वेळ अमावस्या. लातुरात आज संचारबंदी लागल्यासारखं असतं, सगळं शहर शेतात. आम्ही औशाकडं, सासुरवाडीच्या रानात. ज्वारीच्या कडब्याची कोप (खोपटी), आत पूजेचे पांडव मांडलेले, पूजा झाली, चारी बाजूंना आंबील शिंपडली.

या दिवसाची मला महिनाभर आधीपासून धास्ती होती, पण ताटाकडं नीट बघितलं तर येळवसची भज्जी हा आमच्यासारख्यांसाठी घडवलेलाच पदार्थ वाटला. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे, पालेभाज्या, चिंच, शेंगदाणे, वर डाळीचं पीठ. घट्ट, चावावी लागणारी, प्रोटीनची. तिच्याबरोबर उंडे, म्हणजे बाजरीच्या पिठाचे गोळे. आधी भज्जीची वाटी, नंतर अर्धा उंडा. आंबील ताकातली आणि पौष्टिक, पण पातळ, म्हणून ती तासाभरानं छोट्या पेल्यात. गव्हाची खीर दोन चमचे, कारण ती नाही खाल्ली तर सासूबाई बोलत नाहीत.

बोलल्याच. "जावईबापू, एकच उंडा घेतलाव, त्यो बी अर्धा टाकलाव. आमच्या रानातलं गोड लागंना व्हय?" सौ.नं परस्पर उत्तर दिलं, "माय, त्येंला आता चावून खायाचं हाय, येळ लागतो." दुसरीकडून आत्या, "आरं, पोट कापून बी खायलाच येतंय व्हय?" या प्रश्नाला आता मी उत्तर देत नाही, हसतो.

गप्पांच्या नादात दुसऱ्या अर्ध्या उंड्याचा एक घास न चावता गेला आणि अडकला. छातीच्या मधोमध दुखणं, तोंडात फेस, दहा मिनिटं बांधावर. स्लीव्हवाल्याला हे ठाऊक असतं: पाणी प्यायचं नाही, त्यानं जास्तच दुखतं. उभं राहायचं, थांबायचं, जातं किंवा वर येतं. वारंवार झालं तर दाखवावं लागतं. उंडा कोरडाच गिळायची वस्तू नाही, एवढं नक्की.

दुसऱ्या दिवशी काट्यावर ९७.८. येळवस निभावली.

१९ जानेवारी २०२५

हुरडा. कोवळी ज्वारी चावावी लागते, चटणीबरोबर चांगली. रेवड्या आणि गूळ समोरच्याकडं सरकवले. वजन ९६.५.

२० फेब्रुवारी

रिपोर्ट: बी-१२ ५४०, डी ३४, हिमोग्लोबिन १३.२, एचबीए१सी ५.६. फेरिटिन अजून मागं आहे, लोहाची गोळी चालू. डी ची पुडी आता आठवड्याची बंद, रोजची कमी मात्रेची गोळी. वजन ९५.१.

मुलगा विचारतो, बाबा, आता लिहायचं थांबवणार का? आठ दिवस न लिहिता बघितलं. काही बिघडलं नाही. फक्त संध्याकाळचा चिवड्याचा डबा कुणीतरी परत खालच्या फळीवर आणून ठेवला होता आणि त्यातला चिवडा कमी झालेला होता. वही चालू आहे.

२३ मार्च

तिर्झेपाटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन, माउंजारो, तीन दिवसांपूर्वी भारतात आलं. मेहुण्याचा फोन सगळ्यात आधी. अडीच मिलिग्रॅमची एक कुपी साडेतीन हजार, पाचची ४,३७५. अडीच ही सुरुवातीची मात्रा, महिन्याला चार लागतात, म्हणजे चौदा हजारांपासून सुरू आणि पुढं मात्रेबरोबर वाढत जाणार.

फिजिशियनशी सविस्तर बोललो. ऑपरेशननंतर वजन परत चढलेल्यांना या जातीची औषधं देतात, त्यात गैर काही नाही, आणि ज्यांचं नुसत्या खाण्यानं उतरत नाही त्यांनी ते कमीपणाचं मानू नये. पण माझ्या बाबतीत तीन गोष्टी आडव्या येतात. मळमळ होऊन आधीच लहान असलेलं जेवण आणखी घटेल, मग सत्तर ग्रॅम प्रोटीन कुठून आणायचं? बांधत आणलेले स्नायू परत जातील. आणि औषध बंद केलं की वजन बहुतेकांचं परत येतं, म्हणजे ते वर्षानुवर्षं घ्यायच्या तयारीनंच सुरू करायचं. दिवाणजीच्या पगारात हा खर्च कायमचा मांडता येत नाही.

डॉक्टरांबरोबर रेघ ओढून ठेवली. वजन परत ९८ च्या वर जाऊन तीन महिने राहिलं, किंवा एचबीए१सी परत सहाला टेकलं, तर इंजेक्शनचा विषय पुन्हा उघडायचा. त्याआधी नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

९४.२. माळ्यावर न थांबता चढलो, हातात जुन्या वह्यांचा गठ्ठा होता. उद्दिष्टाच्या तिन्ही रकान्यांत बरोबरच्या खुणा. पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट: ९४ च्या आसपास राहणं, आणखी उतरलं तर उतरलं. राहणं हेच काम जास्त अवघड आहे असं सर्जन म्हणतात, आणि त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा.

१८ एप्रिल

पारा चाळिशीपार, पत्र्याखाली दुकान. आता अडचण पाण्याची. ज्याचं जठर नळीएवढं आहे त्याला तहान लागल्यावर तांब्याभर पाणी घटाघटा पिता येत नाही, आणि जेवणाच्या आगेमागे प्यायचं नाही, म्हणजे दिवसातले पुष्कळ तास पाण्याविना जातात. मागच्या दोन उन्हाळ्यांत चक्कर आणि बद्धकोष्ठ कशामुळं होतं ते आता कळलं. गल्ल्यावर अर्ध्या लिटरची बाटली, दर पट्टीला दोन घोट. दुपारपर्यंत दोन बाटल्या संपल्याच पाहिजेत, संध्याकाळपर्यंत आणखी दोन. ताक मीठ-जिरं घालून चालतं. रसवंतीचा उसाचा रस आणि रंगीत सरबतं बंद, ती पुन्हा सरकण्यातच मोडतात.

आणि आंबा आलाय. आमरस म्हणजे पातळ आणि गोड, वर पुरी. सौ.शी ठरलंय: रस काढायचा नाही, आंबा कापून चार फोडी, जेवणानंतर. आई या विषयावर अजून बोलायला तयार नाही.